शब्द त्याचा, बोल वच्छलाला

वच्छला, त्या ट्रेनरनं तुला फसवलं. तू गावाला फसवलं नाहीस.

ही दोन वाक्यं आधीच लिहून टाकते, कारण तुझ्या तेरवीच्या पंगतीत लोक याच्या उलट बोलत होते. माझ्या शेजारी बसलेला एक जण भातावर वरण घेत घेत म्हणाला, "पोरगी हुशार होती, पन आमाले उल्लू बनवलं तिनं." समोर तुझी आई वाढत होती. तिच्याकडे बघून मी गप्प बसले. मी गप्प बसले असं तुला कुणी सांगितलं असतं, तर तू विश्वासच ठेवला नसतास.

त्या ट्रेनरचं नाव मी इथं लिहिणार नाही. दया म्हणून नाही. नाव छापलं की त्याची फुकट जाहिरात होते, आणि मी कुणाला काही फुकट देत नाही. हे वाचताना आपण कोण ते त्याला बरोबर कळेल.

तू गेल्यापासून सगळे तुला साधीभोळी म्हणू लागले आहेत. त्याचाही मला राग येतो. तू साधीभोळी कधी होतीस? बी.कॉम. करून मूल गावातल्या माझ्या राईस मिलमध्ये हिशेबाला आलीस आणि दुसऱ्याच आठवड्यात माझ्या खुर्चीमागचा पंखा आपल्या टेबलाकडे वळवून घेतलास. भडक लिपस्टिक लावून धानाच्या धुळीत फिरायचीस. एखादं काम जमलं की सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचीस, "हे कोनं केलं? वच्छलानं केलं." मी आठवडी बाजारात मुरमुरे विकत वर आलेली बाई. ओरडून आणि घासाघीस करून मी ही मिल उभी केली. माझ्यासमोर आवाज चढवणारं माणूस मला तोपर्यंत भेटलेलं नव्हतं. म्हणूनच तुला मॅनेजर केलं.

आपली पहिली बैठक आठवते? त्या हंगामात तांदूळ फार तुटत होता. तुटलेल्या तांदळाला आपल्याकडे कनकी म्हणतात, आणि मिलवाल्याला कनकी म्हणजे रोजचा चोर. मी मेकॅनिकवर ओरडले, मेकॅनिकनं रबराच्या रोलरला शिव्या दिल्या, हमालांनी मेकॅनिककडे बोट दाखवलं. तू अंगणात ताडपत्री टाकलीस.

"बाई, ओरडून तांदूळ नाई जुळत. सगळ्याइले खाली बसवा."

मग तू तुझ्या गावची रीत सांगितलीस. उन्हाळ्यात तलावाचं पाणी उतरलं की तुमच्याकडे मोठं जाळं टाकतात. त्याआधी सगळे मासेमार पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, बसतात आणि त्यातला म्हातारा विचारतो, "सांगा, मासा कुठून पळन?" मग प्रत्येकानं मासा होऊन बोलायचं. मी मरळ होय, मी गाळात घुसन. मी रोहू होय, मी जाळ्यावरून उडी मारन. गावात कुणाचा नवा जावई आलेला असला तर पहिला मान त्याचा. त्याला कुणाची भीड नसते, आणि तो चुकला तर सगळ्यांना हसायला मिळतं. सगळे मासे असे पळून झाले की मग जाळं कुठं धरायचं ते ठरतं.

"आता तुमी मानसं नाई," तू आमच्या लोकांना म्हणालीस. "तुमी धानाचे दाने होय. सांगा, कुठी तुटता?"

हमाल एकमेकांना कोपर मारून हसले. नवा जावई म्हणून तू नव्या ड्रायव्हरला, तुळशीरामला, उभं केलंस. तो म्हणाला, "मी दाना होय. मी बाईच्या आवाजानं तडकलो."

मी चप्पल शोधू लागले. "चूप बसा वो बाई," तू म्हणालीस, "दाना बोलून राह्यला."

आणि दाणा बोलला. बाई ओरडली की हमाल घाबरतात, घाबरले की हाताला येईल ते पोतं ओततात, ओलं काय आणि वाळलेलं काय. ते ऐकून पाठ फिरवून बसलेला मेकॅनिक वळला. ओलं-वाळलं एकत्र आलं तर रोलर कसाही बसवला तरी काहीतरी तुटणारच, असं तो म्हणाला. मग हमालांनीच सांगितलं की ढीग कुठं वेगळे करता येतील. माझ्या आवाजानं कनकी होते हे मला आजही मान्य नाही. पण त्या दिवसापासून ढीग वेगळे झाले आणि कनकी कमी झाली, हे मान्य आहे.

त्यानंतर तुझी अट आली. बैठकीत मालकीण शेवटी बोलणार.

"मिल कोणाची?" मी विचारलं.

"तुमचीच वो बाई. म्हनूनच. तुमी पहिले बोलल्या का बाकीचे तुमचंच बोलून दाखवते."

"बरं, मधे बोलते."

"नाई."

"खोकले तर चालेल?"

"तुमचा खोकला बी हुकूम वाटते."

आयुष्यात मी एवढी वाईट हरलेली घासाघीस दुसरी नाही. वर तू भाजलेला चिंचोका आणून दिलास. जिभेखाली ठेवायचा आणि तो मऊ होईपर्यंत तोंड उघडायचं नाही. दातानं फोडला तर बैठक पुन्हा पहिल्यापासून. मी कितीतरी वेळा फोडला. पण वच्छला, एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. धान खरेदीला गेले की मी तोंडात चिंचोका ठेवू लागले होते. मी बोलत नाही म्हटल्यावर समोरचा घाबरून आपणच भाव खाली आणायचा. त्या चिंचोक्यानं मला जितकं मिळवून दिलं तितकं माझ्या आवाजानं दिलं नव्हतं. सांगितलं असतं तर तू पगारवाढ मागितली असतीस.

सगळ्या बैठका फळल्या असंही नाही. उंदरांच्या बैठकीत सगळे उंदीर होऊन इतके रंगले की संध्याकाळपर्यंत मिल बंद राहिली, आणि उंदीर आहेत तिथेच आहेत. तरी दर वेळी तू म्हणायचीस, "निदान भांडन नाई झालं." तेही खरंच.

पण वाघाची बैठक मी विसरणार नाही. त्या ट्रेनरनं चोरली तीही तीच.

जंगलापलीकडच्या गावातून आपल्याकडे सफाईला येणाऱ्या बायकांना नाल्याजवळ वाघ दिसला आणि त्यांनी येणं बंद केलं. मी म्हटलं ट्रॅक्टर पाठवते. ट्रॅक्टर गेला, रिकामा परत आला. मग मीच गावात गेले आणि त्यांना कशीबशी गाडीत बसवून आणलं. त्याच दिवशी तो ट्रेनर आपली मिल बघायला आला होता. मिलवाल्यांच्या संघटनेनं त्याला चंद्रपूरला व्याख्यानासाठी बोलावलं होतं, आणि त्याला म्हणे "ग्राउंड रिअॅलिटी" बघायची होती. तू त्याला ताडपत्रीवर बसवलंस आणि बायकांना म्हणालीस, "आज तुमी बाया नाई. तुमी वाघ होय."

कुणी हसलं नाही. मग त्या बायकांतली यशोदा खाली बघत म्हणाली, "मी वाघ होय. ह्या बाया मिळून कामावर येते तवा मी झुडपात पडून राहतो. येताना त्याइले मी काईच नाई करत. मले जाताची वाट पाहाची असते. जाताना ह्या एकेक मागं राहते. वाकते. वाकली का मले ते जनावर दिसते."

"काऊन वाकते ती?" तू विचारलंस.

"काड्या वेचते. चुलीले."

बायका जंगलातून सरपण आणत होत्या. परत जाताना एकेकट्या आत शिरत होत्या. वनरक्षकाच्या भीतीनं आणि माझ्या भीतीनं हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. आपल्या तोंडून त्यांनी ते मला जन्मात सांगितलं नसतं. वाघाच्या तोंडून सांगितलं. त्या बैठकीचं सगळं मर्म एवढंच होतं, आणि ते मला तेव्हा कळलं. जे माणूस म्हणून बोलता येत नाही, ते दुसरं कुणी होऊन बोलता येतं.

माझा चिंचोका अजून कडकच होता, आणि तू माझ्याकडे बघत होतीस. आपल्या मिलचा भुसा मी वीटभट्टीवाल्याला विकत होते. शेवटी माझी बोलायची वेळ आली तेव्हा मी तो देऊ केला; त्यातला काही दर आठवड्याला या बायकांच्या घरी जाऊ लागला, भुशाच्या शेगड्या आल्या, आणि बायका गटानं थेट घरी जाऊ लागल्या. वीटभट्टीवाला माझ्याशी भांडला. मी त्याच्याशी दुप्पट भांडले. यशोदा आजही कामाला येते.

ट्रेनर हे सगळं मोबाइलवर टिपत होता. तुझ्याकडून मागून मागून मासे जेवला.

मग आलं चंद्रपूरच्या हॉटेलातलं व्याख्यान. तू नवी साडी नेसून पुढच्या रांगेत बसलीस. आपलं नाव घेतील अशी तुला खात्री होती. नाही म्हणू नकोस, तू मला गाडीतच विचारलं होतंस, "उभं राहा लागन का वो बाई, का बसूनच नमस्कार करू?" पडद्यावर मोठा वाघ आला. "थिंक लाइक द टायगर." ही पद्धत आपल्याला जंगलात एकटं चिंतन करताना सुचली, असं तो म्हणाला. चिंचोक्याच्या जागी त्यानं सगळ्यांना पेपरमिंटच्या गोळ्या वाटल्या. मग कोट घातलेल्या मोठमोठ्या माणसांना उभं करून गुरगुरायला लावलं, आणि ती माणसं हसत हसत गुरगुरली. यशोदा जे खाली बघून बोलली होती, त्याचा तिथं खेळ झाला. मी उठत होते. तू माझा पदर घट्ट धरून ठेवलास.

चहाच्या वेळी तू थेट त्याच्याकडे गेलीस. मला वाटलं आता फाडते त्याला. मी मागेच उभी होते, म्हणून काय ठरलं त्याची मी साक्षीदार आहे.

"सर," तू म्हणालीस, "हे आमच्या तलावाचं होय. तुमाले बी मालूम हाय, मले बी मालूम हाय."

तो इकडेतिकडे बघू लागला.

"नाव नोका घेऊ. चालते. पन एक काम करा. आमच्या गावात मच्छीमार सोसायटीत दोन गट पडले. पाळीवर एकत्र बसनंच बंद झालं. मी सांगतो तर म्हनते, तू त्या गटाची पोरगी. तुमी बाहेरचे, टायवाले, तुमचं आयकतीन. दोन दिवस या आन त्याइले त्याइचीच बैठक शिकवा."

त्यानं तुझा हात दोन्ही हातांत धरला. "वच्छलाताई, शब्द देतो. मी येणार." दिवससुद्धा त्यानंच सांगितला.

परत येताना गाडीत आपण इतक्या भांडलो की तुळशीरामनं गाडी बाजूला घेतली. मी म्हटलं, सौदा करायचा तर मला पुढे करायचं होतं. व्यासपीठावर नाव, जाहीर माफी आणि वर दोन दिवस, एवढं मी त्याच्याकडून काढलं असतं. तू म्हणालीस, "नावाचं काय लोनचं घालू? तलावाचा ठेका पुढच्या खेपेले एकत्र नाई मागितला तर बाहेरचा ठेकेदार घेऊन जाईन. मंग मासा कोन होईन, ठेकेदार?" मी म्हटलं, पाळीवरसुद्धा ज्यानं जाळं ओढलं नाही त्याला वाटा देत नाहीत, तू याला अख्खं तळं दिलंस. तू म्हणालीस, दिलं नाही, अदलाबदल केली. हे भांडण आपलं अर्धंच राहिलं. माझं म्हणणं अजून तेच आहे. तू स्वस्तात दिलंस.

पण सौदा स्वस्त असला तरी सौदाच. मी उभा जन्म तोंडी सौद्यांवर काढला आहे. धान उभं असताना शेतकरी शब्द देतो आणि मी शब्द देते, मग भाव चढो की पडो, कुणी फिरत नाही. जो फिरतो त्याच्या दारात पुन्हा कुणी जात नाही. टाय घातली म्हणून हा कायदा बदलत नाही.

तो यायचा होता त्या दिवशी मी तुझ्या गावात होते. दोन्ही गटांनी मिळून समाजमंदिर झाडलं होतं. किती काळानं ते एका चुलीवर रांधत होते, आणि रांधता रांधता एकमेकांची थट्टाही करत होते. एक म्हातारा दुसऱ्या गटातल्या म्हाताऱ्याला म्हणाला, "तू मरळच होशीन, गाळात दडनारा." दुसरा म्हणाला, "आन तू खेकडा, दुसऱ्याचे पाय वढनारा." तू दोघांमध्ये उभी राहून हसत होतीस. इतकी खूश मी तुला मिलमध्येही पाहिली नव्हती.

दुपार झाली. तू फोन लावलास. त्यानं घेतला नाही. मग फोन बंद लागू लागला. तू रस्त्यापर्यंत जाऊन आलीस. अन्न गार झालं. मग कुणीतरी म्हणालं की असा कुणी सर मुळात नाहीच, वच्छलानं आपल्या गटाचं घोडं पुढं दामटायला हे रचलं. दुसऱ्या बाजूनं आवाज आला की याच लोकांनी त्याला येऊ दिलं नाही. जेवणं झाली, पण दोन पंगतींत. त्या दिवसापासून भांडण आधीपेक्षा वाईट झालं, आणि तुझ्या नावाला एक शब्द चिकटला. उल्लू बनवनारी.

मी साक्ष द्यायला उभी राहिले होते. ते म्हणाले, "तुमी तिच्या मालकीन. तुमी तिच्याच बाजूनं बोलसान."

नंतरही तू त्याला फोन करत राहिलीस. माझ्यापुढे करायची नाहीस, धान वाळतं त्या मागच्या अंगणात जाऊन करायचीस. मला दिसत होतं. एकदा मी म्हटलं, सोड त्याला. तू म्हणालीस, "त्याले नाई वो धरून बसली मी. मले गावात तोंड दाखवाचं हाय." मग तुला ताप आला, डोक्यात गेला, आणि गडचिरोलीच्या दवाखान्यातून तू परत आलीच नाहीस. तुला तोंड दाखवायला वेळच मिळाला नाही.

तू गेल्यावर त्याचा मला मेसेज आला. हात जोडलेलं चित्र आणि खाली, "अ ट्रू टीम प्लेयर." मी लगेच फोन लावला. माझा मात्र त्यानं घेतला. मी विचारलं, गावात का आला नाहीत? तो म्हणाला, "मॅडम, असं काही नक्की ठरल्याचं मला आठवत नाही."

तेरवीनंतर मी पुन्हा तुझ्या गावात गेले. पाळीवर बसा, मी चिंचोके आणलेत, असं म्हणाले. दोन्ही गटांनी मला चहा पाजला, पण दोन वेगवेगळ्या घरांत. एका घरात तुझी आई होती, ती मला दारापर्यंत सोडायला आली. तिनं विचारलं, "बाई, तुमी होत्या नं तिथी? तो सर खरंच येतो म्हनला होता का?" तुझ्या आईला विचारावं लागलं, वच्छला. तुझ्या आईला.

मी सांगितलं, हो, माझ्यासमोर म्हणाला. तिनं मान हलवली. पण माझ्या सांगण्यानं तिचं समाधान झालं नाही, हे मला दिसलं. ते माझ्या तोंडून व्हायचंच नाही.

माझी मिल चालते आहे. बैठकाही होतात. आता तुळशीराम घेतो. मधेमधे तुझ्यासारखा हात हलवतो आणि मग स्वतःच लाजतो. परवा त्यानं मला गप्प बसवलं आणि मी बसले. तुझे आभार मानायचे राहिले, ते इथे मानते. मला कुणी गप्प बसायला शिकवलं असेल तर ते तूच. पण या एका गोष्टीत मी गप्प बसणार नाही, आणि तू पदर धरायला आता शेजारी नाहीस.

म्हणून यापुढचं तुला नाही, त्याला.

सर, तुमचं पुन्हा चंद्रपुरात व्याख्यान ठरलं आहे. पत्रिका मलाही आली. मला तुमच्याकडून पैसा नको. पडद्यावर वच्छलाचं नावही नको, तिनं ते सौद्यात सोडलं होतं आणि तिचा सौदा मी मोडणार नाही. तुमचा वाघ तुमच्याकडेच ठेवा. पण चंद्रपूरहून तिचं गाव दूर नाही, गाडी मी पाठवते. तलावाच्या पाळीवर दोन्ही गट उभे राहतील, ते काम माझं. तिची आई पुढे असेल. तुम्ही तिच्यासमोर उभं राहायचं आणि सांगायचं, येतो असा शब्द कुणी दिला होता, दिवस कुणी ठरवला होता, आणि त्या दिवशी फोन कुणी बंद केला.

नाही आलात तर मी तुमच्या हॉलमध्ये पहिल्या रांगेत आहे. तुम्ही बोलायला उभे राहाल तेव्हा मीही उभी राहीन आणि सगळ्यांसमोर एवढंच विचारीन, गावाला खोटं कोण बोललं, ती की तुम्ही? जागा तुम्ही निवडा. उत्तर मात्र द्यावं लागेल.